गोंडवन : गीतातील, दप्तरातील आणि भूगर्भातील

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकास, वर्धा व पैनगंगा या दोन नद्यांच्या बेचक्यात, वणीचा मुलूख पसरलेला आहे. ‘गोंडवन’ हे नाव या एकाच भूमीस तीन निरनिराळ्या अर्थांनी लागू पडते. येथील गोंड व परधान यांच्या परंपरागत गीतांत ज्या पर्वतमय देशाचे वर्णन येते तो एक. मोगल, भोसले व इंग्रज यांच्या दप्तरांत ज्या मुलखाचा उल्लेख येतो तो दुसरा. आणि येथील कोळशाच्या थरांवरून भूगर्भशास्त्रज्ञांनी ज्या लुप्त महाखंडाची कल्पना केली तो तिसरा. पहिला कवनांतून निर्माण झाला, दुसरा कारभाराच्या सोयीतून आणि तिसरा अनुमानातून. तिन्ही देशांच्या सीमा कोणी प्रत्यक्ष चालून पाहिलेल्या नाहीत; त्या अर्थाने तिन्ही कल्पित होत. मात्र कल्पित म्हणजे खोटे नव्हे. एखादा देश कोणी, कोणत्या सामग्रीतून आणि कशासाठी कल्पिला हे सांगता आले, तर ती कल्पनाही इतिहासाचे साधन ठरते. प्रस्तुत लेखात या तीन देशांचा परस्परसंबंध तपासावयाचा आहे.

१. नावाचा प्रश्न

ज्या लोकांवरून हा देश ओळखला जातो ते स्वतःस ‘गोंड’ म्हणवीत नाहीत. गोंडी भाषेत त्यांचे स्वतःचे नाव ‘कोइतोर’ असे आहे. गोदावरीकाठच्या कोया जमातीचे नाव त्याच कुळातील होय. ‘गोंड’ हे शेजाऱ्यांनी दिलेले नाव. ते तेलुगूतील ‘कोंड’ म्हणजे डोंगर या शब्दावरून आले असावे, असे अनुमान नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी मांडले. ते आकर्षक आहे, कारण त्यामुळे ‘गोंड’ म्हणजे ‘डोंगरचे लोक’ असा सरळ अर्थ लागतो. परंतु गोंडीत डोंगरास ‘मट्टा’ किंवा ‘मेट्टा’ म्हणतात, आणि ‘कोंदा’ या शब्दाचा अर्थ बैल असा होतो. तेव्हा हे अनुमान खरे मानले तरी त्यातून एवढेच निष्पन्न होते की, सपाटीवरील तेलुगूभाषकांना हे लोक डोंगरात दिसले. हे लोक स्वतःस कोणत्या भूमीचे समजत होते, हे त्यावरून कळत नाही.

‘गोंडवन’ या समासातील उत्तरपदाविषयीही असाच घोटाळा आहे. ‘गोंडांचे वन’ ही फोड मराठी व संस्कृत जाणणाऱ्यास तात्काळ सुचते व ती सर्वत्र रूढही झाली आहे. तथापि जुने रूप ‘गोंडवाना’ असे दीर्घान्त आहे. ‘राजपुताना’, ‘तेलंगाणा’ यांसारख्या देशनामांच्या पंक्तीत ते बसते. त्या नामांचा प्रत्यय लोकवाचक शब्दास लागून ‘त्या लोकांचा मुलूख’ एवढाच अर्थ देतो. त्यात वनाचा संबंध नाही. ‘वन’ हा अर्थ नंतर ऐकू येऊ लागला असण्याचा संभव अधिक. मात्र या ऐकण्याचे परिणाम शब्दापुरते राहिले नाहीत. मुलूख म्हटला की तेथे राज्य, वस्ती, शेत व वहिवाट गृहीत धरावी लागते. वन म्हटले की ते सारे पुसले जाऊन केवळ झाडे उरतात. जंगलखात्याच्या काळात ज्या लोकांच्या वहिवाटी नोंदल्याच गेल्या नाहीत, त्यांच्या देशाच्या नावात ‘वन’ ऐकू यावे, ही गोष्ट केवळ व्युत्पत्तीची म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

२. गीतातील पर्वतप्रदेश

लिंगोच्या गीताचा पहिला लिखित पाठ आपणांस हिस्लॉप यांच्यामुळे मिळाला. ते १८४५ साली नागपुरास आले. धर्मप्रसार आणि शाळा चालविणे हे त्यांचे मुख्य काम. पण भाषा, शिलावर्तुळे व जीवाश्म यांचाही त्यांना ध्यास होता. नागपूरजवळच्या एका परधानाच्या तोंडून त्यांनी हे गीत उतरून घेतले. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतत असता रात्रीच्या वेळी नाल्यास आलेल्या पुरात ते बुडाले. त्यांचे कागद मध्यप्रांताचे तत्कालीन मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून प्रसिद्ध केले. गोंडी शब्द रोमन लिपीत व त्यांखाली इंग्रजी अर्थ, अशी त्या पाठाची मांडणी आहे.

या गीतातील भूगोल लक्षात घेण्याजोगा आहे. आरंभी धवळागिरी येतो. तेथे महादेव व पार्वती राहतात आणि तेथेच गोंड जन्मास येतात. त्यांच्या उग्र वासाने महादेव त्रासतो. एक खार निर्माण करून तिच्यामागे त्यांना गुहेत धाडतो, तोंडावर सोळा हातांची शिळा लावतो आणि भस्मासुरास पहाऱ्यावर बसवितो. चौघे मात्र निसटतात व काचीकोपा लाहूगड या ठिकाणी जातात. पुढे पहिंदीच्या फुलातून लिंगो अवतरतो. चौघा भावांना तो शेत व अग्नी देतो. त्यांच्याच हातून मारला जाऊन पुन्हा जिवंत होतो. बिंदो पक्ष्याच्या पिलांना गिळू पाहणारा नाग मारून तो महादेवाची अट पुरी करतो व बंदिस्त गोंडांना सोडवितो. त्यानंतर पर्जन्य व पुराची नदी. ती ओलांडल्यावर लिंगो कुळे पाडतो, देव नेमतो, लग्नाचे नियम घालून देतो आणि परधानास त्याचे काम सोपवितो.

पर्वत, गुहा, गड, नदी असे या देशाचे चार टप्पे आहेत. एकोणिसाव्या शतकातील वाचकांनी ते नकाशावर शोधण्याचा खटाटोप केला. जेम्स फॉरसिथ यांनी मध्य हिंदुस्थानातील उंच प्रदेशावरील आपल्या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या कथेचे इंग्रजी पद्यरूप दिले. त्यांच्या हाती पचमढीचे कडे व दऱ्या हीच कथेची रंगभूमी बनली. थंड हवेचा, कड्यांचा, शिकारीचा असा एक गिरिप्रांत इंग्रज वाचकास त्या ग्रंथातून भेटला. लिंगो त्याचा संत ठरला. परंतु याच गुहेची दुसरी जागा गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, कचारगड येथे सांगितली जाते व माघी पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. तिसरी जागा यवतमाळच्या गोंडांना अधिक जवळची. महाराष्ट्र व तेलंगण यांच्या सीमेवरील डोंगरात जंगूबाईचे गुहास्थान आहे. पौषात तेथे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड व आदिलाबादकडील कुळे जातात. या बाजूच्या परंपरेत सुटकेचे श्रेय पहांडी कुपार लिंगालबरोबर जंगूबाईसही दिले जाते.

तीन ठिकाणे तीन दिशांस असूनही एकमेकांस खोटी पाडीत नाहीत. याचा उलगडा भूगोलात नसून समाजरचनेत आहे. आदिलाबादच्या राजगोंडांचा क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात केलेला अभ्यास या दृष्टीने निर्णायक ठरला. त्यांनी दाखविल्याप्रमाणे चार, पाच, सहा व सात भावांच्या अशा चार ‘सगा’ म्हणजे कुळसमूहांत सारा समाज विभागलेला आहे. एका समूहातील कुळांत परस्पर लग्न होत नाही. प्रत्येक समूहाची उत्पत्तिकथा परधान किंगरीच्या साथीने आपल्या यजमानांपुढे गातो. ‘तुम्ही किती देवांचे?’ हा विदर्भातील गोंड कुटुंबांत सोयरिकीच्या वेळी विचारला जाणारा प्रश्न या रचनेचाच अवशेष होय. तेव्हा गीतातील गुहा म्हणजे कुळे पाडण्यापूर्वीची अभेद अवस्था. नदी म्हणजे भेदाची सीमा. आणि पलीकडचा देश म्हणजे सोयरसंबंधांचे नियम जेथे चालतात तो प्रदेश. ही घटना ज्या डोंगराजवळ वस्ती असेल त्या डोंगरात घडलेली असणे आवश्यक आहे, कारण पूजेस तेथे जावयाचे असते. म्हणूनच गुहा एक असून जागा अनेक आहेत.

नामांचा विचार केल्यास या देशाचे थरही दिसू लागतात. धवळागिरी, महादेव, भस्मासुर ही नावे पुराणांतून आलेली आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी अथवा यवतमाळच्या सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर राहणाऱ्याने हिमाच्छादित पर्वत पाहिलेला असण्याचा प्रश्न नाही. तो शब्द शेजाऱ्यांच्या कीर्तन-पुराणांतून ऐकलेला आहे. ‘काचीकोपा लाहूगड’ हे नाव मात्र अधिक बोलके आहे. गोंडीत ‘कच्ची’ म्हणजे लोखंड. आणि ‘लाहू’ हे ‘लोह’ असावे असे मानल्यास तेच लोखंड आर्यभाषेतून दुसऱ्यांदा येते. इंग्रजी भाषांतरकारांनी येथे ‘लोहदरी’ व ‘तांबड्या टेकड्या’ असा भेद केला. पण एकच नाव दोन भाषांत जोडून उच्चारण्याची लकब द्विभाषिक गायकांत स्वाभाविक असते. परधान हा नेमका असा गायक होय. एका कानाने गोंडी यजमान व दुसऱ्या कानाने मराठी-हिंदी गाव ऐकत त्याने हा देश रचला. गोंडांचे पहिले घर लोखंडाच्या गडात आहे ही गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही. चंद्रपूरच्या लोहारा टेकडीसारखी लोहखनिजाची ठाणी याच मुलखात आहेत.

३. दप्तरातील मुलूख

दप्तरांतील गोंडवनाचा आकार प्रत्येक राजवटीत बदलत गेला. अकबराने १५९६ साली वऱ्हाड घेतल्यानंतर आइन-इ-अकबरीत या सुभ्याची जी मांडणी आली, तीत कळंब व माहूर ही सरकारे आहेत. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा बराच भाग त्यांत मोडत असे. त्याच सुभ्याच्या वर्णनात चांद्याच्या बाजूच्या गोंड जमीनदारांचे उल्लेख येतात. याचा अर्थ असा की, सारा कागदोपत्री वऱ्हाडात मांडला गेला, तरी प्रत्यक्ष अंमल अनेक ठिकाणी गोंडांचा होता. पुढे १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी चांद्याचे राज्य घेतले आणि गोंडांचे राज्य संपले. मुलखाचे नाव मात्र राहिले.

इंग्रजी अंमलात वर्धा नदी ही दोन व्यवस्थांमधील सीमा झाली. नदीच्या पूर्वेस मध्यप्रांत व पश्चिमेस निजामाकडून १८५३ च्या तहाने कारभारासाठी घेतलेला वऱ्हाड. एकाच कुळाची माणसे दोन दप्तरांत विभागली गेली. वऱ्हाडाच्या आग्नेय भागाचा जो जिल्हा झाला त्यास पूर्वी ‘वणी’ असे नाव होते. १९०५ साली पुसद हा तालुका जोडून त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. पैनगंगेच्या दक्षिणेस निजामाचे राज्य राहिले. नदी उतरून जंगूबाईस जाणारा गोंड हैदराबाद संस्थानात जात असे, आज तो तेलंगणात जातो. त्याच्या दृष्टीने मात्र तो आपल्याच देशात फिरत असतो. गोंडवाना या नावाने २०११ साली गडचिरोली येथे विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे क्षेत्र गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांपुरते असून यवतमाळ जिल्हा अमरावती विद्यापीठाकडे आहे. वर्धा नदीने आखलेली जुनी रेघ अशा रीतीने अद्याप टिकून आहे.

दप्तरातील विभागणीचा सर्वाधिक फटका कोलामांच्या वाट्यास आला. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या बाजूंस डोंगरउतारांवर त्यांचे पोड असतात. शासनाने आदिम जमात म्हणून त्यांची नोंद केली आहे. गोंडांशी त्यांचा शेजार इतका निकट की, दप्तरांत व प्रवासवर्णनांत त्यांना पुष्कळदा गोंडांचीच पोटजात समजले गेले. भाषा मात्र वेगळेच सांगते. मरे एमेनो यांनी १९५५ साली कोलामीचे वर्णनात्मक व्याकरण प्रसिद्ध केले. सेतुमाधवराव पगडी यांनीही त्याआधी हैदराबाद संस्थानातील नोकरीच्या काळात गोंडी व कोलामी यांचा अभ्यास केला होता. कोलामीचे निकटचे नाते नायकी, पर्जी व गदबा यांच्याशी आहे. गोंडी द्राविड कुळाच्या दुसऱ्या शाखेत पडते. म्हणजे दोन पोड शेजारी असले तरी त्यांच्या भाषा फार पूर्वी फुटलेल्या आहेत. गोंड हे स्थानिक देवतांच्या पूजेसाठी कोलाम पुजाऱ्यास बोलावितात, असे फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदविले आहे. भूमीच्या देवांशी बोलण्याचा अधिकार ज्याचा, तो त्या भूमीवर आधीचा, असा समज या प्रथेमागे दिसतो. गोंडवन हे नाव उच्चारताना त्याच्या पोटात हा दुसरा, अनामिक राहिलेला देश आहे, याचे विस्मरण होता कामा नये.

४. भूगर्भातील महाखंड

हिस्लॉप यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसरातील खडक व वनस्पतींचे जीवाश्म गोळा करून त्यांविषयी लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात १८५० च्या दशकात लेखन केले. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली केले. लिंगोचे गीत आणि ग्लॉसॉप्टेरिसची दगडी पाने ही दोन्ही एकाच माणसाच्या टिपणांत शेजारी शेजारी आली, हा योगायोग इतिहासकाराने नोंदून ठेवावा असा आहे.

पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मेडलिकट यांनी १८७२ साली नर्मदेच्या दक्षिणेकडील कोळसाधारी खडकांच्या मालिकेस ‘गोंडवाना’ हे नाव दिले; फाइस्टमांटेल यांच्या लेखनातून १८७६ साली ते छापील झाले. ग्लॉसॉप्टेरिसची पाने आफ्रिका, ऑस्ट्रेलिया येथील समकालीन खडकांतही मिळतात, हे लक्षात आल्यावर व्हिएन्ना येथील एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ साली ‘गोंडवाना-भूमी’ या लुप्त महाखंडाची कल्पना मांडली. झ्यूस हे मूळचे आल्प्स पर्वताचे अभ्यासक. आल्प्सच्या उत्पत्तीवर त्यांचा १८७५ चा ग्रंथ आहे. वणी, चांदा, नागपूर या भागांतील एका जनसमूहाचे, शेजाऱ्यांनी ठेवलेले नाव आल्प्सच्या अभ्यासकाच्या हातून निम्म्या पृथ्वीस मिळाले. व्हेगेनर यांनी १९१२ साली खंडवहनाचा सिद्धान्त मांडला, आणि झ्यूस यांनी खंडांना जोडणारी जी भूमी समुद्रात बुडाली असे मानले होते, ती बुडालेली नसून तुकडे होऊन दूर सरकली, असे पुढे सिद्ध झाले.

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या काळ्या थरांनी झाकलेला आहे. पूर्वेकडे वणीजवळ हे आच्छादन संपते आणि खालचे चुनखडक व गोंडवाना खडक उघडे पडतात. राजूर, घोन्सा, उकणी, कोलारपिंपरी येथील कोळसा याच मालिकेतील आहे. या मालिकेच्या तळाशी हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांचे थर येतात. १८७० च्या दशकात फेडन यांनी पैनगंगेच्या पात्रात, चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस इरई गावाजवळ, हिमाच्या घर्षणाने रेघोट्या उमटलेला चुनखडक नोंदविला. म्हणजे ज्या नदीपलीकडे यवतमाळची सीमा संपते, तेथे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फ होते. धवळागिरीचा शब्द केवळ ऐकलेल्या या लोकांच्या पायाखाली हिमप्रदेशाच्या खुणा होत्या. आणि याच महाखंडापासून सुटलेला भारताचा तुकडा सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियास भिडल्याने खरा धवळागिरी वर उचलला गेला.

५. एकत्र मांडणीतील धोका

या योगायोगांनी मोहून जाऊन तिन्ही देश एकच मानण्याची प्रवृत्ती अलीकडील काही लेखनात दिसते. गीतपरंपरेतील आदिभूमी म्हणजे भूगर्भशास्त्रातील महाखंडच, आणि गीत म्हणजे त्याची स्मृती, असा तो युक्तिवाद आहे. तो कालदृष्ट्या टिकत नाही. मनुष्यजातीचे वय काही लाख वर्षांचे, महाखंडाच्या विघटनाचे दहा कोटींहून अधिक. आणि महाखंडास गोंडांचे नाव मिळाले ते गीतामुळे नव्हे, तर खडक प्रथम त्यांच्या मुलखात ओळखले गेले म्हणून. परंतु हा युक्तिवाद केवळ चूक म्हणून निकालात काढणे पुरेसे नाही. ज्यांच्या नावाने जगातील प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात एक खंड आहे, त्यांची भाषा मात्र संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. ज्यांच्या नावाचा कोळसा निघतो, त्या कोळशाच्या खुल्या खाणींसाठी याच मुलखातील जमिनी जातात. नाव परत मागण्याची ही खटपट त्या विसंगतीतून आली आहे. तिचे उत्तर शास्त्राने कालगणनेच्या चुका दाखवून द्यावे हे योग्यच. पण तेवढ्यावर थांबल्यास शास्त्राने नाव घेतले व माणसे टाकली, हा आक्षेप शिल्लक राहतो.

तिन्ही देशांपैकी सर्वांत लवकर नाहीसा होण्याजोगा देश गीतातला आहे. कोळशाचे थर मोजले गेले आहेत. दप्तरे पुराभिलेखागारांत आहेत. गीत मात्र गाणाऱ्याबरोबर जाते. किंगरी वाजविणारे व सगाच्या कथा पूर्ण गाणारे परधान कमी होत आहेत, आणि यजमानांच्या घरांतून गोंडी मागे पडून मराठी आली की ऐकणाराही उरत नाही. कोलामीची स्थिती याहून नाजूक आहे. हिस्लॉप यांचा पाठ नागपूरजवळचा व एकाच गायकाचा; आदिलाबादचा पाठ पैनगंगेपलीकडचा. या दोहोंच्या मध्ये यवतमाळचा प्रदेश येतो. वणी, मारेगाव, झरी-जामणी व केळापूर या तालुक्यांतील परधानांचे पाठ, त्यांतील स्थलनामे आणि त्याच डोंगरांची, नाल्यांची व शेतांची कोलामी नावे शेजारी शेजारी मांडली, तर गीतातील गड, गुहा व नदी कोठकोठे उतरतात हे कुळागणिक दाखविता येईल. खाणीने टेकडी हलविली की तिचे नाव जिभेवर फार दिवस टिकत नाही. म्हणून हे काम वणीपासून सुरू व्हावयास हवे.